तो डबा एकटाच खातो, परत पाठवू का?

ऑगस्टमध्ये नाशिकहून कॅनडात, ब्रॅम्प्टनला आलेल्या एका आईने डिसेंबरात आम्हाला विचारलेला हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा सोळाचा, दहावी करून आलेला. घरी आला की खोलीचं दार लावून घेतो, शाळेत एकटाच जेवतो. त्याला आजीकडे परत पाठवावं का?

इंग्रजी कच्चं असल्यामुळे हे होतंय, असं आईवडिलांनी ठरवूनच टाकलं होतं आणि घरात मराठी बंद केली होती. तो मोकळेपणाने बोलू शकेल अशी एकच जागा उरली होती, तीही गेली. घरातली मराठी आधी पुन्हा सुरू करायला सांगितली.

मग मुलाकडून त्याचा दिवस तासागणिक काढून घेतला. ऑन्टारियोत (ब्रॅम्प्टन याच प्रांतात) एका सेमिस्टरला, म्हणजे अर्ध्या शालेय वर्षाला, साधारण चार विषय, प्रत्येक तास सव्वा तासाचा, आणि दर तासाला खोली वेगळी, मुलं वेगळी. आपल्याकडे ‘दहावी ब’ म्हटली की वर्षभर तीच मुलं, तोच बाक. दोस्ती करावी लागत नाही, होऊन जाते. इथे तुकडीच नाही.

जेवणाची सुट्टी नियमानेच किमान 40 मिनिटांची. हिवाळ्यात इथे दुपारचे 12 म्हणजे भारतात रात्रीचे साडेदहा. नाशिकची टोळी नेमकी तेव्हा ऑनलाइन! हा लॉकरशेजारी जमिनीवर, डबा मांडीवर, एका कानात इअरफोन. पोळीभाजी संपेपर्यंत मान वर नाही. असा मुलगा दिसला की कोण कशाला हाक मारेल?

हे ऐकताच वडील फोन काढून घ्यायला निघाले. तसं करू नये. फोन गेला तर नाशिकही जातं आणि इथलं काहीच हाती लागत नाही. गप्पांची वेळ तेवढी हलवली: शनिवारी सकाळी 9, म्हणजे तिकडे संध्याकाळचे साडेसात. सगळे निवांत असतात.

आठवड्यातले दोन दिवस जेवणाची सुट्टी शाळेच्या बुद्धिबळ क्लबसाठी ठेवली. ‘जरा मित्र बनव’ असं सांगून काही होत नाही. समोर पट असला की बोलायला विषय शोधावा लागत नाही. डिप्लोमासाठी, म्हणजे इथल्या बारावीच्या प्रमाणपत्रासाठी, 40 तास समाजसेवा असतेच. ती दोन-तीन शनिवार-रविवारी उरकण्याऐवजी दर आठवड्याला दोन तास, एकाच ठिकाणी. तेच चेहरे पुन्हापुन्हा भेटणं महत्त्वाचं.

ईएसएलच्या (इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठीच्या इंग्रजीच्या) वर्गाला मात्र तो अडून बसला, ‘मी ढ आहे का?’ डिप्लोमाला लागणाऱ्या इंग्रजीच्या चार क्रेडिटपैकी (एक विषय पास झाला की एक क्रेडिट) तीनपर्यंत ईएसएलची चालतात, फक्त बारावीचं नेहमीचं इंग्रजी चुकत नाही, हे गायडन्स काउन्सेलरने कागदावर मांडून दाखवल्यावर वाद मिटला.

परत पाठवण्याचा निर्णय पहिल्या हिवाळ्यात घेऊ नये, असं आमचं मत. पण उदासी दोन आठवडे हटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर फॅमिली डॉक्टरांना दाखवाच. जीव देण्याची भाषा आली तर त्याच क्षणी 988 या कॅनडातल्या आत्महत्या-प्रतिबंध हेल्पलाइनवर फोन किंवा मेसेज.

फेब्रुवारीत सेमिस्टर बदललं की सगळे वर्ग पुन्हा नवे होतात. तेव्हा आठवडाभर तो परत लॉकरपाशी बसेल, हे आईला आधीच सांगून ठेवलंय. क्लबचे दोन दिवस तेवढे तेव्हाही चुकवायचे नाहीत.