लाकडी पिंपातून थंड बिअर

प्रश्न : मी साताऱ्याचा निवृत्त फिटर. सुतारकामही येतं. सप्टेंबरमध्ये मुलीचं लग्न अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या एका शेतावर, जुन्या कोठारात आहे. व्याह्यांची इच्छा आहे की बिअर लाकडी पिंपाच्या तोटीतून द्यावी. ते काम मी अंगावर घेतलंय. पाहुणे १२०. तीन आठवडे आधी पोचेन. कसं करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : काका, आधी एक गोष्ट पक्की करा. बिअर लाकडात भरायची नाही. जुन्या पिंपात ना वायूचा दाब टिकतो, ना स्वच्छता. मी इथे विस्कॉन्सिनमध्येच दुधाच्या कारखान्यात नळ्यांची स्वच्छता तपासण्याचं काम बावीस वर्षं केलं, म्हणून ठामपणे सांगते. बिअर स्टीलच्या केगमध्येच, म्हणजे ती ज्यात विकत मिळते त्या दाबाच्या बंद पिंपातच, राहू द्या. पिंप हा फक्त अंगरखा.

पिंप मिळणं सोपं आहे. बर्बन व्हिस्की कायद्याने नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते, त्यामुळे वापरलेली २०० लिटरची पिंपं विक्रीला येतात. मात्र कोरड्या पिंपाच्या फळ्या आकसतात आणि लोखंडी कड्या खाली घसरतात. कापण्याआधी प्रत्येक फळी कडीला स्क्रूने जखडा, नाहीतर करवत लावताच सगळं सुटं होईल. मग मागच्या बाजूने दार कापा. आत ४० लिटरच्या आसपासची गोल बर्फाची पेटी बसवा, इथे सहलीला नेतात तशी. पेटीत स्टीलच्या नळीचं सुमारे १५ मीटरचं वेटोळं. केगमधून बिअर वेटोळ्यात, तिथून पुढच्या फळीतल्या तोटीत. फळी इंचभर जाड असते, तेव्हा तोटीमागचा आट्यांचा दांडा मोजूनच लांब घ्या. पेटी ते तोटी ही नळी आखूड ठेवा, तेवढ्यातही बिअर तापते. बिअर लागते ते सगळे भाग स्टेनलेस स्टीलचे, नळी खाद्यपदार्थांसाठीची.

आता बर्फ. मुलाच्या लग्नात मी पेटी नुसत्या बर्फाने गच्च भरली होती. तासाभरात नळीला लागलेला बर्फ वितळला, भोवती पोकळी झाली आणि ग्लासात निम्मा फेसच येऊ लागला. पाहुणे रांगेत, आणि माझ्या पोटात गोळा. भावाने बादलीभर पाणी ओतलं तेव्हा कुठे बिअर सरळ झाली. म्हणून वेटोळं बुडेल इतकं पाणी आणि त्यात बर्फ. पाणी नळीला सगळीकडून चिकटतं. वितळेल तसा बर्फ घालत, ढवळत राहायला एक माणूस तिथे नेमाच.

केगही पिंपामागे बर्फाच्या टबात ठेवा. मोठा केग ५८.७ लिटरचा, भरलेला सुमारे ७२ किलोचा. ३५५ मिलीचे १६५ ग्लास होतात, फेस धरून १५० मोजा. उचलायला दोघं लागतील. सकाळीच जागेवर ठेवा, हलवलेली बिअर बसायला काही तास घेते. केगमधली बिअर ढकलतो तो सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड. त्याचा दाब २५ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) पासून सुरू करा. आपल्याला वाटतं दाब कमी केला की फेस कमी होईल, पण लांब नळीत उलटं होतं : दाब अपुरा पडला की वायू वाटेतच सुटतो. तोटी पूर्ण उघडायची, अर्धवट उघडली तरी फेस येतो. सिलिंडर उभा, खांबाला बांधलेला, आणि कोठाराच्या बाहेर उघड्यावर. हा वायू बंद जागेत साठला तर जीवावर बेततं.

हातपंपाचं स्वस्त यंत्र कोणी सुचवेल. त्यात केगमध्ये हवा जाते आणि बिअर दुसऱ्या दिवशी उतरते. एका संध्याकाळपुरतं चालेल, पण तुमच्यासारख्या कारागिराने ते करू नये असं मला मनापासून वाटतं.

न पिणाऱ्यांसाठी शेजारी कोकम सरबताचं भांडं असू द्या, साध्या तोटीचं. ते या नळीतून नको, वास लागतो.

पोचल्यावर पहिल्या आठवड्यात जोडणी पुरी करा. बिअरच्या नळ्या धुण्याचं अल्कधर्मी द्रावण फिरवा, साध्या पाण्याने खळबळून घ्या. मग पाण्यावर पूर्ण दाब देऊन प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावा. बुडबुडा किंवा पाण्याचा थेंब दिसेल तिथला वायसर बदला.