तेरावा झाल्यावर काय बोलायचं?

"फोन करावासा वाटतो, पण बोलू काय?" दर महिन्याला कुणी ना कुणी हाच प्रश्न घेऊन समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसतं. त्यातल्याच या एक, चाळिशीतल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मैत्रिणीचा नवरा अचानक गेला. दहाव्याला भेटून आल्या, त्यानंतर दोन महिने फोन नाही.

"ती रडायला लागली तर?"

"तर काय होईल?"

"मला तिला सावरता येणार नाही."

"सावरायला हवं?"

"सावरायलाच हवं ना! मैत्रीण आहे मी तिची."

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचारसरणीत घडले. 'असं व्हायलाच हवं' हा हट्टच माणसाला त्रास देतो, असं ती सांगते, त्यामुळे असा 'च' माझ्या कानातून सुटत नाही. दोन बैठका आम्ही त्या एका अक्षराशीच होतो. तिसऱ्या वेळी त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "तिचं दुःख कमी करायचं काम मला कुणी दिलंच नव्हतं. मीच घेतलं आणि जमेना म्हणून पळाले." मैत्रीतला अबोला बऱ्याचदा इथूनच येतो. त्यात माया आटलेली नसते.

त्याच संध्याकाळी त्यांनी निरोप पाठवला: "गुरुवारी साडेसातला पिठलं-भात घेऊन येते. बोलायचं नसेल तर नको बोलूस." "काही लागलं तर सांग" म्हटलं की मागायचं ओझं पुन्हा तिच्यावरच. वार, वेळ, पदार्थ ठरवून सांगितलं की तिला फक्त दार उघडायचं असतं. तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं, खरी गरज त्यानंतरच्या महिन्यांत. गेलेल्या माणसाचं नाव आवर्जून घ्या, कारण बाकी सगळे ते टाळत असतात. मृत्युदाखल्याच्या प्रती, बँक, विमा, वीजबिलावरचं नाव यांची एक फाइल करा आणि एका दिवशी एकच कचेरी. रोज जाऊ नका. रोज जाणारी महिन्यात थकते आणि मग एकदम दिसेनाशी होते.

"मला जगायचं नाही" असं कानावर आलं, तर विषय बदलू नका. "जीव द्यायचा विचार येतो का?" असं सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' असेल तर एकटं सोडू नका, घरच्यांना सांगा, डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक 24 तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

पहिल्या गुरुवारी मैत्रीण तासभर रडली. यांनी पाण्याचा तांब्या जवळ ठेवला आणि बसून राहिल्या. निघताना ती म्हणाली, "पुढच्या गुरुवारी भात मी लावते."