फॉस्टसवर रात्रभर गप्पा, निबंध मात्र कोरा

प्रश्न: मी एम.ए. इंग्रजी करते. शुक्रवारी नाटककार मार्लोच्या ‘डॉक्टर फॉस्टस’ या नाटकावरचा निबंध द्यायचाय. रोज रात्री मैत्रिणीशी फोनवर हॅम्लेट, फॉस्टस, ऑस्कर वाइल्ड असं सगळं बोलून होतं, पण लिहायला बसलं की एक ओळ सुचत नाही. आता कळलं, तिने निबंध देऊनही टाकला आणि त्यात माझेच मुद्दे आहेत. फसवल्यासारखं वाटतंय.

उत्तर: अगं, गप्पांत कुठला मुद्दा कुणाचा याचा हिशेब कोण ठेवतं? तुझे तिने लिहून काढले, तिचेही चार तुझ्या डोक्यात असतीलच. राग आलाय तर तिला सरळ सांग, पण शुक्रवारनंतर. तेच मुद्दे आता तू दिलेस तर मॅडमना शंका तुझीच येईल, तेव्हा नवं काहीतरी धर.

शेवटचा प्रवेश उघड. अकराचे ठोके पडतात, फॉस्टसने सैतानाशी केलेल्या चोवीस वर्षांच्या करारातला तासभर उरलाय. साडेअकरापर्यंत तो तीसेक ओळी बोलतो. पुढचा अर्धा तास मात्र विसाच्या आतच संपतो! घड्याळ पिसाटल्यासारखं वाटतं ते त्यामुळे. मधेच तो रोमन कवी ओव्हिडची लॅटिन ओळ म्हणतो, रात्रीच्या घोड्यांनो, सावकाश धावा. ओव्हिडकडे ती प्रेमाची रात्र लांबावी म्हणून आहे, इथे सैतान न्यायला येतोय. आणि अगदी शेवटी हा प्रकांड पंडित काय म्हणतो, तर ‘पुस्तकं जाळतो’. यावर तू मैत्रिणीशी तासभर बोलशील की नाही? मग ते एकटीनेच मोबाइलवर बोल, रेकॉर्ड कर आणि ऐकत ऐकत उतरवून काढ. तुला ऐकणारं कुणीतरी लागतं, इतकंच आहे ते.

प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिही. ‘मार्लोचा जन्म १५६४ साली झाला’ इथून सुरुवात केलीस तर पाच मिनिटांत फोन हातात घेशील, लिहून देते! (हॅम्लेटच्या चालढकलीवर बोलत चालढकल करायची, हे बाकी भारी आहे.) नाटकाच्या १६०४ आणि १६१६ अशा दोन संहिता आहेत, त्यातली कुठली वापरलीस ते आधीच नमूद कर, मॅडम नक्की विचारतील. आणि एक-दोन दिवस वाढवून हवे असतील तर मेल आजच टाक, शुक्रवारी रात्री नको.