त्या कागदाची पहिली ओळ

ताई,
आम्ही न्यू जर्सीत राहतो. या घरात येऊन अकरा वर्षं झाली. आमच्या मागच्या रस्त्यावरची एक मोठी जागा विकली गेली आणि तिथे मशीद बांधायचा अर्ज टाउनशिपकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, आलाय. आमच्या भागातले बरेच जण विरोधात आहेत. त्यांचं म्हणणं, धर्माचा काही संबंध नाही. प्रश्न ट्रॅफिक, पार्किंग आणि पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचा आहे. शेजारच्या बाईंनी मला घरी कॉफीला बोलावलं (इतक्या वर्षांत पहिल्यांदाच) आणि मंगळवारच्या सुनावणीत बोलशील का, म्हणून विचारलं. तीन मिनिटांचा मजकूरही टाइप करून दिलाय. सुरुवात ‘एक हिंदू स्त्री म्हणून’ अशी आहे, पुढे सगळं पार्किंगचंच. नवरा म्हणतो, वाचून टाक, शेजाऱ्यांशी वाकडं कशाला घ्यायचं? माझी ऑफिसातली जवळची मैत्रीण मुस्लिम आहे, तिला कळलं तर वाईट वाटेल. नाही म्हटलं तर शेजारी तुटतील. काय करू?
— कात्रीत सापडलेली

अगं,
तुझी मैत्रीण, नवरा, शेजारी या सगळ्यांना घटकाभर बाजूला ठेव. तू त्या कागदाची पहिली ओळ सांगितलीस आणि पुढे निघून गेलीस. मी तिथेच अडकले आहे. पार्किंगवरच्या भाषणाला हिंदू कशाला लागते?

गाड्या मोजायला धर्म लागत नाही. निचऱ्याचा प्रश्न उताराचा आणि पाइपाचा असतो. शेजारणीने स्वतःचं भाषण लिहिलं असेल, तर त्याची सुरुवात तिच्या धर्मापासून नक्कीच नसणार. तुझी तेवढी आहे. कारण तुझी तक्रार त्यांना नकोच आहे, तुझ्या कपाळावरचं कुंकू हवंय. उद्या कुणी म्हणालं की हे सगळं मुसलमान नकोत म्हणून चाललंय, तर तुझ्याकडे बोट दाखवता येईल: बघा, या बाईसुद्धा आमच्याच बाजूच्या आहेत.

हे मी मनचं सांगत नाहीये. तुझ्याच राज्यातल्या बर्नार्ड्स टाउनशिपमध्ये २०१२ साली मशिदीसाठी अर्ज आला होता. अर्ज करणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष त्याच गावचे माजी महापौर, त्यामुळे ‘हे कोण कुठले’ म्हणायचीही सोय नव्हती. तरी ३९ सुनावण्या झाल्या. एकोणचाळीस! आपल्याकडे भाऊबंदकीचे दावे चालतात तशा. तिथल्या नियमाने तीन माणसांमागे एका गाडीची जागा लागे, आणि चर्चला तेवढी पुरतही असे. दीडशे माणसांच्या मशिदीला म्हणजे ५० जागा झाल्या. बांधकामाची परवानगी देणाऱ्या टाउनशिपच्या बोर्डाने १०७ मागितल्या. अर्ज २०१५च्या डिसेंबरात फेटाळला गेला, प्रकरण कोर्टात गेलं, पाठोपाठ अमेरिकेच्या न्याय खात्यानेही टाउनशिपवर दावा लावला. ३१ डिसेंबर २०१६ला न्यायाधीशांनी सांगितलं की चर्चला एक माप आणि मशिदीला दुसरं, हे चालणार नाही. पुढच्या वर्षी साडेबत्तीस लाख डॉलरवर तडजोड झाली. ब्रिजवॉटरच्या बालाजीला तू कधीतरी गेली असशीलच. त्या गावातही मशिदीवरून असाच वाद झाला, तो २०१४ साली साडेसत्याहत्तर लाखांवर मिटला. बर्नार्ड्सच्या त्या सगळ्या सुनावण्यांत पुन्हा पुन्हा घासला गेलेला शब्द कुठला असेल? पार्किंग.

आता तू म्हणशील, ताई, ट्रॅफिकची काळजी खरीसुद्धा असू शकते. असू शकते ना. ज्याला ती आहे त्याने बोर्डापुढे जाऊन खुशाल विचारावं, इंजिनिअरला फैलावर घ्यावं, झाडांचा आडोसा मागावा, दिवे किती वाजता बंद होणार ते लिहून घ्यावं. सुनावण्या त्यासाठीच असतात. पण तुला ती काळजी आहे का? मी तुझं पत्र तीनदा वाचलं. ‘त्यांचं म्हणणं’ आहे, तुझं एक वाक्य नाही. आणि माइकपुढे जाशील तेव्हा आधी उजवा हात वर करून शपथ घ्यायला लावतील, न्यू जर्सीत या सुनावण्या तशाच होतात. खरं सांगेन अशी शपथ घ्यायची आणि दुसरीने टाइप केलेलं वाचायचं? गणपतीत आरतीला तुमच्या दारापुढे, दोन्ही अंगांना मिळून किती गाड्या लागतात, हे मी विचारत नाही. शेजारणीने मोजलेल्या असतील.

‘एक हिंदू स्त्री म्हणून’ ही ओळ मला आणखी एका कारणाने टोचते. १९८७ साली जर्सी सिटीत एक टोळकं निघालं होतं, स्वतःला डॉटबस्टर्स म्हणवून घेणारं. डॉट म्हणजे आपल्या बायकांच्या कपाळावरचं कुंकू. सगळ्या भारतीयांना गावातून हुसकावू, अशी धमकी त्यांनी वर्तमानपत्राला पत्र पाठवून दिली होती. त्याच सप्टेंबरात शेजारच्या होबोकनमध्ये काही पोरांनी नवरोज मोदीला मारहाण केली, तो त्यातच गेला. नवरोज पारशी होता. कुंकवाशी त्याचा काय संबंध? आपल्यातला हिंदू कोण, पारशी कोण, मुसलमान कोण, ही निवड तेव्हा कुणी करत बसलं नव्हतं. आज तुझ्या शेजारणीला ती एकाएकी करता यायला लागली आहे, कारण तिला ती उपयोगी आहे.

मैत्रिणीचं म्हणशील, तर तिला वाईट वाटेल म्हणून नाही म्हणू नकोस. ती तुझ्या ऑफिसात नसती तर वाचलं असतंस का? आणि नवऱ्याला सांग, एवढं सोपं आहे तर तूच वाच, ‘एक हिंदू पुरुष म्हणून’. बघ कसा घसा खाकरतो ते.

राहिला तो कंस. ‘इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.’ खरं सांगू, तो कंस वाचला आणि तुझ्यावर चिडायचं राहूनच गेलं. अकरा हिवाळे शेजारी-शेजारी बर्फ उपसलंत, येताजाता हात हलवलेत, आणि आता कुठे तिच्या स्वयंपाकघरात बसायला मिळालं. तिने कपाटातला चांगला मग काढला असेल, तुझ्या मुलांची नावं विचारली असतील. माणूस विरघळतो गं. मीही विरघळले असते. बाहेर पडताना हातात कागद होता, हे घरी येईपर्यंत मलाही जाणवलं नसतं.

तेव्हा सोमवारी संध्याकाळी तो कागद घेऊन तिच्याकडे जा. मेसेज नको, नवऱ्याबरोबर निरोप नको. बेल वाजव, कागद तिच्या हातात दे आणि सांग: हे तुझं म्हणणं आहे, तूच वाच, माझा धर्म यात घालू नकोस. यापुढे कारणं देत बसू नकोस. एक कारण दिलंस की ती ते खोडेल, मग तू दुसरं शोधशील, आणि तासाभराने तोच कागद घेऊन परत येशील. बर्नार्ड्सच्या गोष्टीही तिला ऐकवू नकोस, त्या तुझा कणा ताठ राहावा म्हणून सांगितल्या.

रिकाम्या हाताने मात्र जाऊ नकोस, डबाभर चकल्या ने. आणि निघताना तिला रविवारी तुझ्याकडे चहाला बोलव, कागदाबिगदाशिवाय. येते का, ते मला कळव.