भाचीची माहिती सर्वेक्षणाच्या फॉर्मवर भरून द्यायची का?

प्रश्न : आम्ही गेवराई तालुक्यातले. बहीण-दाजी दरवर्षी ऊसतोडीला जातात. मागच्या हंगामात सोळा वर्षांची भाची आजीजवळ होती. ओळखीच्या एका बाईने घरकामाला लावते म्हणून तिला पुण्याला नेलं. पाच महिन्यांनी पोलिसांनी तिला एका घरातून आणलं. पगार नाही, मोबाइल काढून घेतलेला, अंगावर माराचे वळ. आता एक माणूस ‘तस्करीतल्या पीडितांचं सर्वेक्षण’ म्हणून फॉर्म घेऊन आलाय. नाव, आधार, फोटो, काय घडलं ते सगळं लिहा, नाहीतर सरकारी मदत मिळणार नाही म्हणतो. पोरीचं नाव गावात फुटलं तर उद्या सोयरीक कशी जुळायची? एफआयआरची झेरॉक्स जोडली आहे.

उत्तर : तो फॉर्म दारात बसून भरू नका. आधी त्या माणसाचं ओळखपत्र बघा आणि कार्यालयाचं, जावक क्रमांक असलेलं पत्र मागा. पत्र दाखवलं तर त्याची झेरॉक्स घेऊन बीडच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा आणि खात्री करा. भाचीला परत आणल्यावर बालकल्याण समितीपुढे हजर केलं असणार, म्हणजे तिची फाइल तिथे आहेच. खऱ्या सरकारी कामाला लागणारी माहिती तिथून घेता येते. त्यासाठी त्या लेकराला ओट्यावर चार माणसांत बसवून सगळं पुन्हा वदवून घ्यायची काही गरज नाही.

सर्वेक्षण खरं निघालं आणि सांख्यिकी संकलन कायदा, २००८ खाली असलं, तर माहिती द्यावी लागते. पण तोच कायदा सांगतो की ती फक्त आकडेवारीसाठी वापरायची आणि कोणाची आहे हे ओळखू येईल अशी छापायची नाही. शिवाय बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलीचं नाव, पत्ता, शाळा किंवा फोटो उघड करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गावातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणी टाकलं तरी हेच कलम दाखवून तक्रार करा.

मदत बंद होईल ही निव्वळ धमकी आहे. नुकसानभरपाई आणि मोफत वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतो. तस्करीची पीडित, स्त्री किंवा बालक असेल तर उत्पन्नाची अटही नाही. १५१०० वर फोन करा.

मला जास्त काळजी वाटते ती तुम्ही जोडलेल्या एफआयआरची. त्यात कलम एकच, भारतीय न्याय संहितेचं १३७(२), म्हणजे अपहरण. तुम्ही त्या बाईचं नाव सांगूनही आरोपीच्या रकान्यात ‘अज्ञात’ लिहिलंय. कामाचं आमिष दाखवून, फसवून नेणं आणि गुलामासारखं राबवून घेणं ही कलम १४३ खाली मानवी तस्करी आहे. पीडित अल्पवयीन असेल तर किमान दहा वर्षं, जन्मठेपेपर्यंत शिक्षा. ‘पोरगी स्वखुशीने गेली’ असं पोलिस म्हणतील, पण या कलमात तिच्या संमतीला काही किंमत नाही. पगार अडवून ठेवला, त्यासाठी बाल न्याय कायद्याचं कलम ७९ वेगळं लागतं.

सरकारचा आकडा बनतो तो याच कागदावरून. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग पोलिस ठाण्यांतल्या नोंदींवरून दरवर्षी आकडेवारी काढतो, आणि एका एफआयआरमध्ये कितीही कलमं असली तरी सगळ्यात गंभीर गुन्हा तेवढा मोजतो. १४३ लावलंच नाही, तर तुमची भाची ‘अपहरण, मुलगी सापडली’ एवढ्यावरच संपते. दिवाळीनंतर वस्त्याच्या वस्त्या रिकाम्या होतात. ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत उचलीचा, म्हणजे आगाऊ दिलेल्या रकमेचा, पैसा-पैसा लिहिलेला असतो, पण म्हाताऱ्या माणसांजवळ मागे राहिलेल्या मुली कोणाच्याच वहीत नसतात. निदान जिच्यासोबत हे घडलं, तिची नोंद तरी खरी व्हायला हवी. घरोघरच्या फॉर्मपेक्षा मला ही नोंद फार मोलाची वाटते.

म्हणून तपास अधिकाऱ्याकडे कलम वाढवण्याचा लेखी अर्ज द्या आणि त्याची प्रत रजिस्टर पोस्टाने पोलिस अधीक्षकांना पाठवा. हरवलेलं मूल चार महिन्यांत सापडलं नाही तर तपास अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे, म्हणजे पोलिसांच्या तस्करीविरोधी पथकाकडे, जायला हवा, ही व्यवस्था सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतरची आहे. तुमच्या भाचीला पाच महिने लागले. मग तपास त्या कक्षाकडे का दिला नाही, हेही अर्जात विचारा. पोलिसांनी दाद दिली नाही तर विधी सेवेच्या वकिलामार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

अर्जात त्या बाईचं नाव-गाव, तिने कोणाच्या फोनवरून बोलणं केलं, कोणत्या दिवशी आणि कोणत्या गाडीने नेलं, हे आजीला विचारून लिहा. गावातले पुढारी ‘मिटवून घ्या’ म्हणतील, थोडेफार पैसेही देऊ करतील. हा गुन्हा आपसात मिटत नाही. कोऱ्या किंवा स्टॅम्प कागदावर बहीण-दाजींनी सही-अंगठा देऊ नये, हे त्यांना आजच फोन करून सांगा.