लंडनहून सकाळी जाऊन रात्री परत, तर तिकीट कसलं काढायचं?

प्रश्न : मी आणि हे जूनमध्ये मुलाकडे लंडनला जातोय, हॅरोला राहतो तो. आमच्या दोघांचंही वय साठच्या वर आहे. मुलगा-सून दिवसभर ऑफिसात, त्यामुळे ऑक्सफर्ड, केंब्रिज, ब्रायटन, विंडसर असं आम्ही दोघंच सकाळी जाऊन रात्री परत येणार. भाचा म्हणतो आत्ताच सगळी तिकिटं बुक करून टाक, नंतर महाग होतात, आणि एकजण म्हणाले की परदेशी लोकांचा रेल्वे पास घ्या. काय करावं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आत्ता काहीच बुक करू नका! भाचा म्हणतोय ते खोटं नाही पण ते लांबच्या गाड्यांसाठी, म्हणजे एडिंबरा वगैरे. तिथे ॲडव्हान्स तिकीट आधी काढलं की खरंच स्वस्त पडतं, पण ते त्याच गाडीचं असतं, ती चुकली की तिकीट गेलं. तुम्ही म्हणताय ती गावं सगळी लंडनहून तास-सव्वातासावर आहेत आणि तिथे ऑफ-पीक डे रिटर्न, म्हणजे गर्दीच्या वेळा सोडून त्याच दिवशी जाऊन येण्याचं, असं तिकीट मिळतं, ते त्याच दिवशी सकाळी स्टेशनवर काढलं तरी त्याच भावात. कुठलीही ऑफ-पीकची गाडी पकडा, परत येताना ही चुकली तर पुढची. आणि बऱ्याच ठिकाणी येण्याजाण्याचं मिळून तिकीट नुसत्या जाण्याच्या तिकिटापेक्षा थोडंसंच जास्त असतं, म्हणून दोन सिंगल काढण्याआधी रिटर्नचा भाव बघाच. जूनमध्ये तिकडे पाऊस कधी येईल सांगता येत नाही, त्यामुळे सकाळी खिडकीतून आभाळ बघून आज ब्रायटन की केंब्रिज ते ठरवता येणं हे मला चार पौंड वाचवण्यापेक्षा मोठं वाटतं.

ऑफ-पीक म्हणजे सोमवार ते शुक्रवार साधारण साडेनऊनंतर, नक्की वेळ रूटप्रमाणे बदलते, शनिवार-रविवार दिवसभर.

आता पैसे खरे वाचतात ते रेलकार्डात. साठीच्या वरच्यांना सीनियर रेलकार्ड मिळतं, त्याला तिथलं रहिवासी असायची अट नाही, स्टेशनच्या तिकीट खिडकीवर पासपोर्ट दाखवला की झालं. तिकिटावर एक तृतीयांश सूट, कार्ड वर्षभर चालतं. पण तुम्ही दोघं कायम बरोबरच फिरणार असाल तर सीनियर घेऊच नका, टू टुगेदर घ्या! मार्च 2025 पासून ही कार्डं 35 पौंडांना झालीत, सीनियर दोघांची दोन म्हणजे 70, आणि टू टुगेदर एकाच कार्डात दोघं, सूट तेवढीच. त्याला दोघांचे फोटो लागतात, दोघं एकाच गाडीत पाहिजेत, आणि सोमवार ते शुक्रवार साडेनऊच्या आधी चालत नाही. तुम्हाला तसंही घरचं आवरून निघायला तेवढे वाजतीलच. 35 पौंड वसूल व्हायला दोघांची मिळून 105 पौंडांची तिकिटं व्हावी लागतात, चार गावं करणार असाल तर बहुतेक होतीलच, एखादंच गाव करणार असाल तर मात्र कार्डाच्या भानगडीत पडू नका.

रविवारी मुलगा-सूनही बरोबर आले तर चौघं झालात, मग बऱ्याच कंपन्यांच्या गाड्यांना ग्रुपसेव्ह मिळतं, 3 ते 9 जण एकत्र असले की कार्डाशिवाय तेवढीच सूट. कार्ड आणि ग्रुपसेव्ह दोन्ही एकावर एक लागत नाही.

ब्रिटरेल पास परदेशी पाहुण्यांसाठीच असतो हे बरोबर, पण तो रोज लांब लांब फिरणाऱ्यांना परवडतो. तुमच्यासाठी नको.

प्रश्न : लंडनमध्ये कार्ड टॅप करून फिरतात तसंच टॅप करून ऑक्सफर्डला जाता येईल का? आणि तिकीट नसलं तर गाडीत टीसीकडून करून घेता येतं का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही, नाही! दोन्हीला नाही. कॉन्टॅक्टलेस (बँकेचं कार्ड टॅप करणं) आणि ऑयस्टर (लंडनचं प्रवासाचं कार्ड) लंडन आणि आसपासच्या ठराविक स्टेशनांपुरतं, ऑक्सफर्ड त्यात येत नाही. म्हणजे हॅरो अँड वील्डस्टोनहून बेकरलू लाईनने पॅडिंग्टन किंवा मॅरिलबोनपर्यंत टॅप करून जा, तिथे बाहेर पडून ऑक्सफर्डचं वेगळं तिकीट काढा. आपल्याकडे टीसीला गाठून तिकीट करून घ्यायची जी सवय आहे ती तिकडे महागात पडते, इंग्लंडात पेनल्टी फेअर, म्हणजे दंड, 100 पौंड अधिक त्या प्रवासाचं सिंगल भाडं, 21 दिवसांत भरलं तर 100 चे 50 होतात, पण तेसुद्धा कशाला. आणि रेलकार्डाची सूट घेतली असेल तर कार्ड जवळ पाहिजेच, नुसतं तिकीट दाखवून भागत नाही.

अजून एक, ऑक्सफर्डला पॅडिंग्टनहूनही गाडी आहे आणि मॅरिलबोनहूनही, दोन वेगळ्या कंपन्या. स्वस्त तिकीट कधीकधी एकाच कंपनीच्या गाडीपुरतं असतं, तिकिटावर कंपनीचं नाव आणि पुढे ओन्ली असं लिहिलेलं दिसलं तर दुसऱ्या गाडीत बसू नका.

प्रश्न : आईबाबांना स्टेशनवरचं मशीन जमेल असं वाटत नाही. मी इथून पुण्यातून तिकीट काढून पाठवू शकते का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : हो, आरामात. ई-तिकीट काढा, व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवा, शिवाय प्रिंट काढून बाबांच्या खिशात असू द्या म्हणजे फोनची बॅटरी संपली तरी अडचण नाही. फक्त रेल्वे कंपनीच्या स्वतःच्या साईटवरून काढा, तिथे बुकिंग फी लागत नाही, बाहेरची काही ॲप वरून फी लावतात. रविवारचं तिकीट काढताना मात्र गाडी आहे ना ते आधी नीट बघा, रुळांची कामं तिकडे बऱ्याचदा रविवारी निघतात आणि मधल्या टप्प्यात गाडीऐवजी बस असते. जिने, सामान आणि वर गाडी बदलून बस, वयस्कर माणसांना फार दमवतं, त्यापेक्षा मधल्या वारीच पाठवा त्यांना.