साथीचा रोग गरीब-श्रीमंत बघत नाही म्हणतात, मग गरीब वस्त्यांनाच जास्त फटका का बसतो? तिथल्या अस्वच्छ सवयींमुळे का?

सवयींचं आधी निकालात काढू. मी काही वर्षं मुंबईच्या पूर्व उपनगरांतल्या वस्त्यांमध्ये क्षयरोगाच्या रुग्णांचा पाठपुरावा करायचो. दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा, एका कोपऱ्यात मोरी, दुसऱ्या कोपऱ्यात शेगडी, आणि त्यात सासू-सासऱ्यांसकट सात माणसं. पाणी पहाटे तासभर, तेही कधी टँकरचं. संडास गल्लीच्या टोकाला, सगळ्या गल्लीत मिळून एक. त्या घरातल्या बाईचा ओटा माझ्या घरच्यापेक्षा लख्ख असायचा. पण हात कितीही धुतले तरी शेजारी झोपलेल्याचा श्वास कसा चुकवणार?

जुलै 2020 मध्ये महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेने दहिसर, चेंबूर आणि माटुंगा या तीन प्रभागांत लोकांचं रक्त तपासलं. झोपडपट्टीतल्या सुमारे 57 टक्के लोकांत कोरोनाची प्रतिपिंडं, म्हणजे लागण होऊन गेल्याची खूण, सापडली, त्याच प्रभागांतल्या इमारतींमध्ये 16 टक्के लोकांत. महापालिका तीच, हवा तीच, मध्ये फार तर एक रस्ता.

आता गंमत बघा. लागण झालेल्यांपैकी दगावण्याचं प्रमाण मात्र झोपडपट्टीत कमी निघालं. त्यावरून ‘गरिबांची प्रतिकारशक्ती भारी’ असले मेसेज तेव्हा खूप फिरले. माझ्या मते त्याचं मोठं कारण वय. कोरोना म्हाताऱ्यांच्या जिवावर उठणारा आजार होता आणि वस्तीत कमावती, तरुण माणसं जास्त. म्हातारी गावी असतात किंवा तेवढं वय होण्याआधीच गेलेली असतात. शिवाय घरातच गेलेल्या सगळ्यांची चाचणी झालेली होती असंही नाही.

हे वयाचं कवच किती तकलादू आहे ते बघायचं तर याच शहराची 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ बघा. तो ताप उलटा होता, वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसं नेत होता. म्हणजे गिरणीत, गोदीत राबणारी. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, युद्धामुळे धान्य महागलं होतं, आणि अर्धपोटी माणूस तापातही कामावर जात होता. मुंबईच्या आरोग्य खात्याने समाजवार मृत्यूंची नोंद ठेवली, म्हणून आकडे आज हाताशी आहेत. त्यात ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हणून नोंदलेल्यांत हजारी 61.6 मृत्यू, इतर हिंदूंमध्ये 18.9, मुसलमानांत 19.2, पारशांत 9, युरोपियनांत 8.3. एकाच शहरात सातपटीहून जास्त फरक. विषाणू जात विचारत नव्हता हे खरंच, पण कोणी कुठल्या खोलीत राहायचं, कोणाला दूध आणि दवा परवडायची आणि शुश्रूषेला कोणाकडे माणूस असायचा, हे जातीने आणि खिशाने आधीच ठरवून ठेवलं होतं.

यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते आजारपण अंगावर काढणं. हातावर पोट असलेल्याचा एक खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली, आणि दोन-तीन खाडे झाले की मुकादम दुसरा गडी बघतो. मग ताप आला की मेडिकलमधून गोळी घ्यायची आणि कामावर जायचं. केसपेपर काढायला अर्धा दिवस जातो, तोही खाडाच. दवाखान्यात माणूस पोचतो तो धाप लागल्यावर. 2020 मध्ये त्यात आणखी एक भीती आली: पॉझिटिव्ह निघालो तर बांबू बांधून अख्खी चाळ बंद करणार आणि सगळ्यांची रोजी आपल्यामुळे बुडणार. लोक ताप लपवत होते यात मला काडीचं नवल वाटलं नाही.

धारावीत हे सगळं होतंच. पहिला रुग्ण 1 एप्रिल 2020 ला सापडला, आणि बहुसंख्य लोक सार्वजनिक शौचालयांवर अवलंबून. तरी तिथली पहिली लाट दोन-तीन महिन्यांत आटोक्यात आली. ‘घरीच वेगळे राहा’ हा सल्ला तिथे हास्यास्पद होता हे पालिकेने ओळखलं. शाळा आणि सभागृहं ताब्यात घेतली, तिथे जेवणाची सोय केली, वस्तीतल्याच खासगी डॉक्टरांना बरोबर घेऊन ताप तपासणी शिबिरं लावली, शौचालयं दिवसातून अनेकदा फवारली. लोकांच्या सवयी त्या दोन महिन्यांत बदलल्या नव्हत्या, व्यवस्था बदलली होती.

आणि लसीच्या वेळी पुन्हा मागचंच. 1 मे 2021 पासून 18 ते 44 वयोगटासाठी कोविन या सरकारी संकेतस्थळावर आधी नोंदणी सक्तीची. स्लॉट उघडले की काही सेकंदांत गायब. वेगवान इंटरनेटवाली शहरी मंडळी गाड्या काढून आडगावच्या केंद्रांवर जाऊन लस घेऊन आली, आणि त्या गावातली माणसं केंद्राबाहेर उभी राहून बघत होती. थेट केंद्रावर नोंदणीची सोय सरकारी केंद्रांत त्या महिन्याच्या अखेरीस सुरू झाली.